विजय मुहूर्तावरचा बार

कर्जत तालुक्यात वाघ कमी होत चालले तसे बंदुकीचे परवाने वाढत गेले. परवाना मिळाला की काहीतरी मारणं भाग पडतं. म्हणून चार प्रतिष्ठितांनी मिळून नेमबाजीचं मंडळ काढलं, कळंबच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याचा माळ मिळवला, मातीचा उंच बांध घातला आणि बांधापुढे एक फळी उभी केली. फळीवर निशाणाचे कागद चिकटवायला मला नेमलं. मी शाळेत मास्तर. म्हणजे कागद, खळ आणि आज्ञाधारकपणा हे तिन्ही माझ्याकडे असणारच, अशी त्यांची खात्री.

मंडळाचे अध्यक्ष गावातले एक वकील होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. शाळा कमिटीचे अध्यक्षही तेच, आणि माझी नोकरी अजून हंगामी होती. त्यामुळे खळीचं भांडं उचलताना मी हूं की चूं केलं नाही.

रावसाहेबांची रायफल खास निशाणबाजीसाठी घडवलेली, पण जुनी. घाटातल्या रेल्वेवरचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती त्यांना विकून गेला होता. एका वेळी एकच गोळी घालायची आणि खालची दांडी ओढून बंद करायची. इतकी चांगली रायफल साहेब बरोबर का नेत नाही, हे रावसाहेबांनी विचारलं नाही. कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारा हा गृहस्थ गोऱ्या माणसासमोर फार समजूतदार होत असे.

त्या वर्षी स्पर्धा दसऱ्याला ठेवली. पहिला बार विजय मुहूर्तावर काढायचा, असं रावसाहेबांच्या घरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी सुचवलं आणि ते सगळ्यांना एकदम पटलं. सकाळी रावसाहेबांच्या घरी रायफलीची यथासांग पूजा झाली. हळद, कुंकू, तुपाचं बोट, झेंडूची माळ. दांडी उघडीच ठेवली होती, कारण शस्त्राचं तोंड मिटलेलं असलं तर देवी आत येणार कशी? त्या उघड्या तोंडात गुरुजींनी मूठभर अक्षता घातल्या. पूजलेलं शस्त्र त्या दिवशी पुसायचं नाही, असा घरचा दंडक. तेव्हा नळी उपडी करून वरवर झटकली आणि रायफल नवरीसारखी सजवून माळावर आणली.

मी बांधापाशी होतो. तांबडं निशाण रोवलेलं होतं. ते रोवलेलं असेपर्यंत कुणी गोळी भरायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम. तो सुवाच्य अक्षरात मीच लिहून दिला होता. पण तिकडे गुरुजी घड्याळ बघून ओरडत होते, "रावसाहेब, वेळ टळतेय!" मुहूर्तापुढे नियमाची काय कथा? रावसाहेबांनी रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवली, गोळी घातली आणि मान खाली घालून दांडी ओढली. चापाला बोटही लावलेलं नसताना बार झाला.

मी कागदाचा खालचा कोपरा दाबत होतो. गोळी माझ्या डाव्या कानावरून, वीतभर अंतरावरून, कागदाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात गेली. कानात नुसतं घुमत होतं. मी फार घाबरलो होतो, आणि माझं चार महिन्यांचं मूल डोळ्यांसमोर आलं, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

मंडळी धावत आली. मला हायसं वाटलं. ती माझ्या अंगावरून पुढे गेली आणि कागदासमोर थांबली.

"काळ्यात! अगदी मधोमध!"

मग वाद पेटला. हा नेम धरायचा की नाही? मामलेदार म्हणाले, गोळी लागली ना, मग धरायचा. खालापूरहून आलेले डॉक्टर बक्षिसाच्या चांदीच्या पेल्याचे दुसरे उमेदवार होते. ते म्हणाले, मारणाऱ्याचा हेतू नव्हता, सबब धरायचा नाही. गुरुजी म्हणाले, हा मुहूर्ताचा गुण.

तेवढ्यात माळाचा मालक धापा टाकत आला. "मास्तर, गोली कंच्या अंगाला गेली वो? माजी म्हस हाय पलीकडं, तिला काय झालं नाय ना?" म्हैस धडधाकट होती. त्या दिवशी कुणाच्या तरी जिवाची चौकशी करणारा तो एकटाच निघाला.

डॉक्टरांनी गाडीतून आपली पेटी मागवली. आता तरी माझा कान बघतील, म्हणून मी पुढे झालो. त्यांनी पेटीतून चिमटा काढला, रायफलीपाशी बसले आणि तिच्या घोड्याच्या खाचेतून तुपात भिजलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा अलगद बाहेर काढला. इतक्या हळुवारपणे त्यांनी कुठल्या रोग्याला हात लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. अडकलेल्या दाण्यामुळे घोडा खाचेत नीट बसला नव्हता, दांडी मिटताच तो सुटला. निदान झालं, पण डॉक्टरांचा हेतूचा मुद्दा काही टिकला नाही. पेला रावसाहेबांना मिळाला.

मग सोनं वाटायला सुरुवात झाली. रावसाहेब आपट्याचं पान घेऊन माझ्यापुढे आले. "घ्या मास्तर, सोनं घ्या."

मी हात पुढे केला नाही. दसऱ्याचं सोनं नाकारायचं, तेही शाळा कमिटीच्या अध्यक्षाचं! मला माझाच धीर कळेना. हंगामी नोकरी गेल्यात जमा होती.

"आधी मला विचारा," मी म्हणालो.

"काय विचारू?"

"मला लागलं का, ते."

रावसाहेबांनी माझ्या हातातलं खळीचं भांडं पाहिलं, मग माझा कान पाहिला, मग मागे वळून फळीकडे पाहिलं. पान धरलेला त्यांचा हात तसाच राहिला; हिशेब त्यांना आत्ता कुठे लागत होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "बार झाला तेव्हा तिथे कुणी उभं होतं?"