नऊ शतांश सेकंद

तलावावर तिला सगळे ‘शिट्टी’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’. अठ्ठावीस वर्षं ती तिथे पोहायला शिकवत होती आणि त्यातली निम्मी वर्षं तरी तिचा घसा बसलेला असायचा, म्हणून गळ्यात कायम शिट्टी. ऑफिसबाहेर विक्रमांचा फळा होता. त्यावरची बाकीची नावं दर दोन-चार वर्षांनी पुसली जायची. दोनशे मीटर बटरफ्लायपुढचं तिचं नाव मात्र तीस वर्षं जागचं हललं नव्हतं. लग्न केलं नाही, घर भावाचं, निवृत्ती तोंडावर आलेली. स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं, आणि हे तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

तो विक्रम मोडायला निघाली कोण, तर तिची सख्खी भाची! सहाव्या वर्षी हिनेच तिला पाण्यात उतरवलं होतं. पोरगी गुणी, पण वळण घेताना आळशी. शेवटच्या पन्नास मीटरला तिचे खांदे बुडायचे आणि आत्याच्या वेळेच्या जवळ येऊन घोडं अडायचं. मग भावाने परदेशातून तो नवा पोशाख मागवला. खांद्यापासून घोट्यापर्यंतचा, रबरासारखा, अंग आवळून पाण्यावर उचलून धरणारा. पहिल्याच चाचणीत दोन सेकंद कमी झाले.

“पोहतं कोण, तू की हा पोशाख?” शिट्टीने विचारलं.

“तू पहिल्यांदा गॉगल लावलास तेव्हा तुलाही कुणीतरी असंच म्हणालं असेल ना गं, आत्या?” भाची हसत म्हणाली.

म्हणालं होतंच. आणि शिट्टीने तरीही गॉगल लावला होता.

तो पोशाख चढवायला अर्धा तास लागे. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून तो घोट्यांवरून सरकवायचा, मग हातात पातळ मोजे घालून बोटांच्या टोकांनी इंच इंच वर घ्यायचा. धरून ओढायचा नाही. त्याला शिवण नसते, कापड नुसतं चिकटवलेलं असतं. शिट्टीला हे सगळं पाठ होतं. स्पर्धेच्या दिवशी भाचीला तो तीच चढवत होती. कपडे बदलायच्या खोलीत नुसता उकाडा होता, हातमोजे घामाने घसरत होते. पोशाख कमरेखाली अडला. शिट्टीने मोजे काढून फेकले आणि जन्मभर साधे कॉस्च्युम चढवले तसा तो मुठीत धरून ओढला.

टर्रकन फाटला, मांडीपासून कमरेपर्यंत.

दुसरा नव्हता. भाची सरावाचा जुना कॉस्च्युम घालून उतरली आणि जीव तोडून पोहली. इतकी वर्षं शिट्टीने ओरडून ओरडून जे सांगितलं, ते सगळं त्या दिवशी तिच्या अंगात उतरलं होतं. एक वळण चुकलं नाही, खांदे शेवटपर्यंत बुडाले नाहीत. तिला इतकं सुंदर पोहताना शिट्टीने कधीच पाहिलं नव्हतं. नऊ शतांश सेकंदांनी विक्रम वाचला. लोक येऊन शिट्टीचंच अभिनंदन करू लागले, तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

पुढच्या मोसमात त्या पोशाखांवर बंदी आली. बातमी कळताच शिट्टी धावत भाचीच्या खोलीत गेली. “आता सगळ्या साध्याच कॉस्च्युममध्ये पोहणार! नऊ शतांश म्हणजे काय गं, सहज काढशील तू. उद्यापासून पहाटे येतेस?”

भाची कपाट आवरत होती. “आत्या, खरं सांगशील? मोजे का काढलेस?”

“घसरत होते गं.”

“ते माहीत आहे मला.”

शिट्टी पलंगाच्या कडेला टेकली. खोटं बोलणं सोपं होतं. पोरगी विश्वास ठेवायला तयारच होती. “मुद्दाम नाही फाडला, शपथ. पण फाटल्याचा आवाज आला ना, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. तुझ्या तोंडाकडे मी नंतर पाहिलं.”

भाची रडली नाही, चिडलीही नाही. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “मी तो विक्रम मोडला की सगळ्यात जास्त आनंद तुलाच होईल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी पिशवी घेऊन तिच्या दाराबाहेर उभी राहिली. पंधरा मिनिटं थांबली, मग एकटीच तलावावर गेली.