आंब्याच्या वासाचा पंप

अ‍ॅशबर्नच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी कधी उघड व्हेप केलं नाही. ऑफिसच्या मागे करते, गाडीत काच खाली करून करते, गोऱ्यांच्या कॉफीच्या दुकानाबाहेर तर बिनधास्त करते. पण जिथे कढीपत्त्याची पिशवी घेऊन कुणी काकू समोरून येण्याची शक्यता असते, तिथे माझा हात आपोआप जॅकेटच्या बाहीत जातो. बोटभर लांबीची निळी प्लॅस्टिकची नळी, विजेवरची सिगारेट, मुठीत मावते. ओढायची, वाफ कॉलरच्या आत सोडायची, आणि फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं करायचं. तिशी गाठलेली, स्वतःच्या पैशावर जगणारी बाई मी, आणि शाळेच्या मुतारीमागे लपलेल्या पोरासारखी वागते. याची मला चीड येते. चीड येते तरी हात बाहीतच जातो.

एरवी मी कुणाला भिऊन राहणारी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई सातवीपर्यंत शिकली, गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. वडील डेअरीच्या गाडीवर होते, मी बारावीत असताना गेले. सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, मग इथे अमेरिकेत, व्हर्जिनियाला येऊन एमएस, आता एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघते. हे मी आपणहून सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ‘पुण्यात कुठे?’ म्हणून विचारलं की मी गावाचं नाव सांगते. ते माहीत नसलं तर तालुक्याचं सांगते. तेही माहीत नसलं तर गप्प बसते आणि त्यांनाच अवघडू देते.

सवय कामावरच लागली. आमच्या सर्व्हरच्या हॉलला खिडकी नाही. बाराही महिने तोच गार वारा, तोच घोंघाट. मधे पाच मिनिटं बाहेर जाऊन येतो असं म्हणायची मुभा फक्त ओढणाऱ्यांना होती, बाकी कुणी म्हटलं तर तो कामचुकार. मी पहिल्यांदा बाहेर गेले ती आकाश बघायला. हातात काहीतरी हवं म्हणून दुसऱ्याचं घेतलं. तिसऱ्या महिन्यात स्वतःचं विकत घेतलं. एवढीच ती गोष्ट, त्यात दुःखबिःख काही नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई माझ्याकडे आली. पहिल्यांदाच विमानात बसली होती. तिसऱ्या दिवशी मी शॉवरमध्ये असताना घरातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. टॉवेल गुंडाळून धावत आले तर आई किचनच्या कोपऱ्यात कानावर हात ठेवून उभी, आणि गॅसवर तव्यात काळीठिक्कर तंबाखू. मिश्री भाजत होती. चाळीस वर्षं ती सकाळ-दुपार मिश्री लावते, त्याशिवाय तिचं पोट साफ होत नाही, डोकं उतरत नाही. सामानात लुगड्याच्या घडीत पुडी आणली होती. मी तिच्यावर ओरडले. इथे असलं काही चालत नाही, पोलीस येतील, शेजारी काय म्हणतील, आणि निदान लोकांसमोर तरी ती काळी बोटं दाखवू नकोस, असं काय काय बोलले. ती म्हणाली, “बरं बाय, न्हाई करायची.” आणि तवा घासायला घेतला.

दोन-चार दिवसांनी तिला माझ्या जॅकेटच्या खिशात निळी नळी सापडली. मी कामावरून आले तेव्हा ती तळहातावर धरून सोफ्यावर बसली होती. चेहरा उतरलेला. मी मनात वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात तिने विचारलं, “कधीपासनं हाय तुला दमा?”

त्यांच्या शाळेतल्या मोठ्या बाईंना दमा होता. त्या पर्समधून असाच छोटा पंप काढायच्या, तोंडाला लावायच्या, श्वास आत ओढून धरायच्या. आईने ते वर्षानुवर्षं पाहिलेलं. तिने सगळा हिशोब स्वतःच लावला होता. म्हणून पोरीने गावी येणं कमी केलं, म्हणून फोनवर खोकते, म्हणूनच त्या दिवशी धुरावरून एवढी चिडली.

मी ‘दोन वर्षं झाली’ असं म्हणाले. ते खोटं नव्हतं, व्हेप करायला लागून दोनच वर्षं झाली होती. त्या एका वाक्यामागे मी पुढचे सगळे दिवस लपून राहिले.

तिने नळी हुंगली. औषधाला आंब्याचा वास कसा, म्हणाली. इथे लहान मुलांनी घ्यावं म्हणून घालतात, असं मी सांगितलं. पुढे एकदा मला ती चार्जिंगला लावताना बघितलं तेव्हा तिचं तोंड उघडंच राहिलं. “औषधाला करंट लागतो व्हय?” मी हो म्हटलं. अमेरिकेबद्दल काहीही सांगितलं तरी तिचा विश्वास बसत होता, कारण सांगणारी मी होते. शिकलेली.

आईने त्या दिवसापासून घरात मिरचीची फोडणी देणं बंद केलं. अगरबत्ती बंद केली. मिश्रीची उरलेली पुडी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली, कारण तंबाखूचा नुसता वाससुद्धा माझ्या छातीला बाधेल असं तिला वाटलं. पुढचे दहा-बारा दिवस ती डोक्याला फडकं बांधून पडून असायची. काय होतंय विचारलं तर इथलं पाणी मानवत नाही म्हणायची. मला कळत होतं काय होतंय ते. मी तिला इसबगोल आणून दिलं.

एक गोष्ट लिहायला जड जाते आहे, पण लिहिते. ते आठवडे माझे फार सुखाचे गेले. लपायचं कारणच उरलं नाही. मी आईच्या शेजारी सोफ्यावर बसून ओढायचे आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. “सावकाश घे. घाई नगं करू,” म्हणायची.

बाहेर मात्र लपवण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. त्याला कारण होतं. मंडळातल्या एका काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. काकूंचं माहेर आमच्याच तालुक्याचं, मुलगा टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरीला. आमचं दोनदा फोनवर बोलणं झालं होतं. तो स्वतःच्या स्वयंपाकाच्या फजित्या सांगायचा आणि मी हसायचे. तिसऱ्या फोनची मी वाट बघत होते, हेही खरं. आईला एकच धास्ती, दम्याची मुलगी म्हणून ते नको म्हणतील. त्यामुळे बाहेर निघताना ती आधी विचारायची, पंप घेतला का. आणि दुकानात, देवळाच्या पार्किंगमध्ये, कुठेही मी चुळबुळ करायला लागले की मला गाडीआड न्यायची आणि स्वतःचा पदर हात लांब करून आडवा धरायची. लहानपणी रस्त्याच्या कडेला लघवीला बसवताना धरायची, तस्सा. मी त्या पदराआड ओढायचे. समोर भिंत असायची आणि कानाशी आईचा श्वास.

जुलैमध्ये मंडळाची पिकनिक होती. काउंटीच्या पार्कमध्ये शेडखाली मिसळीची पातेली, बायका कांदा चिरतायत, पुरुष क्रिकेटवर बोलतायत. त्या काकूंनी आईला शेजारी बसवून घेतलं होतं. अर्विंगचे लोक ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाला येणार, तेव्हा प्रत्यक्ष भेट ठरवू, असं म्हणत होत्या. आई पदराने तोंड पुसत पुन्हा पुन्हा सांगत होती की आमच्या घरातली पहिली शिकलेली पोरगी ही, हिने आजवर आम्हाला कधी मान खाली घालायला लावली नाही. काकूंनी मिश्कीलपणे विचारलं, “मग अमेरिकेत येऊन बिघडली नाही ना?” आई म्हणाली, “तिचं बोट धरून मीच सुधारले.”

मला तिथे बसवेना. आईला वाटलं मला धाप लागतेय. तिने खुणेने उठवलं आणि आम्ही शेडमागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांच्या पलीकडे गेलो. तिने पदर धरला. मी ओढलं.

तेवढ्यात काकूंची मुलगी पेपर प्लेट टाकायला आली. वीस-एकवीसची, इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. आम्हाला बघून थबकली आणि मग मोकळी हसली. “ओह माय गॉड, ताई. मला वाटलं इथे मी एकटीच.” तिने शॉर्ट्सच्या खिशातून स्वतःची काढली. तशीच, फक्त गुलाबी. “व्हॉट फ्लेवर? मँगो?”

आईने पदर खाली केला. आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. तिला त्या पोरीची दया आली, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. “तुलापण दमा हाय का गं बाळ?”

“दमा?” पोरीने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खूण करायला हवी होती. मला सुचली नाही. सुचली असती तरी केली असती का, माहीत नाही. ती पोर चांगली होती, आजीला नीट समजावून सांगावं म्हणून हळूहळू मराठी जुळवत बोलली. “नाही आजी, हे मेडिसिन नाही. हे व्हेप आहे. सिगरेट असते ना, तसं.”

पलीकडून काकूंची हाक आली आणि मागोमाग काकूच डब्यांच्या वळणावर आल्या. मुलीने आपली खिशात टाकली. माझी माझ्या हातातच होती. आईने ती माझ्या मुठीतून ओढून घेतली आणि कमरेला, निऱ्यांच्या शेजारी खोचली. मिश्रीची डबी खोचायची त्याच जागी.

“काय हो, इकडे कुठे?” काकू म्हणाल्या. त्यांनी नाक जरा वर करून हवा हुंगली.

“हिला ऊन बाधलं,” आई म्हणाली. “घेरी आल्यागत झालं.”

माझ्यासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाशी खोटं बोलली. शाळेत तांदूळ कमी आला तर साहेबाच्या तोंडावर कमी आला म्हणून सांगणारी बाई ती.

आम्ही जेवायला थांबलो. निघालो असतो तर दिसलं असतं. आई सगळ्यांशी बोलली, एक पाव जास्त खाल्ला. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट तिने स्वतः लावला, एरवी मी लावून द्यायचे. आम्ही हायवेला लागेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

“दमा न्हाईच?”

“नाही.”

“एकदाबी झाला न्हवता?”

“नाही, आई.”

तिने पदराचं टोक मांडीवर सारखं केलं. मग म्हणाली, “मी सोमवार धरलं हुतं.”

मला वाटलं ती अजून काही बोलेल. ओरडेल, वडिलांचं नाव काढेल, याचसाठी शिकवलं का म्हणेल. मी त्याची उत्तरंही तयार ठेवली होती, कारण उत्तरं द्यायला मी हुशार आहे. तिने विचारलंच नाही. घरी आल्यावर तिने कमरेची नळी काढून चार्जिंगच्या वायरीशेजारी ठेवली. औषध ठेवतात तशी, नीट.

ती ऑक्टोबरपर्यंत राहिली. स्वयंपाक केला, माझे शर्ट इस्त्री केले, शेजारच्या तेलुगू आजीबरोबर खुणांच्या भाषेत फिरायला गेली. मिश्री परत सुरू केली नाही. मी स्वतः ग्रोसरीतून आणून देऊ का विचारलं, तर आता सुटली म्हणाली. माझं सुटलं का, हे तिने विचारलं नाही. मी पुन्हा बाथरूममध्ये, एक्झॉस्ट फॅन लावून ओढायला लागले.

पुढचं सगळं मला आईकडूनच कळलं. काकूंना मुलीच्या कपड्यांत ती गुलाबी नळी सापडली. मुलीने सुटकेसाठी सांगितलं, ताईपण करते. त्याचा राग मला नाही, मीही तेच केलं असतं. अर्विंगचे लोक ऑगस्टमध्ये आले नव्हतेच, तारखा पुढे ढकलत होते. आई गावी पोचल्यावर काकूंच्या वहिनी तालुक्याहून तिच्या घरी आल्या. ओसरीवर शेजारच्या दोघी बसलेल्या असताना त्यांनी विचारलं की तुमची मुलगी तिकडे सिगारेट ओढते असं ऐकलं, खरं काय ते सांगा, मुलाकडच्यांना कळवायचं आहे.

“मी म्हणलं, ओढत न्हाई. दमा हाय तिला. पंप घेती,” आईने मला फोनवर सांगितलं.

जी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून तिने भर उन्हात पदर धरला, ती तिने ओसरीवर तिघींसमोर मोठ्याने सांगितली. मुलाकडच्यांनी नको म्हटलं. मुलगी शिकलेली आहे, पण प्रकृतीचं बघावं लागतं, असा निरोप आला. गावात आता सगळ्यांना माहीत आहे. पोषण आहारातल्या दुसऱ्या बाईने अडुळशाचा काढा कळवलाय. मोठ्या बाईंनी त्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवलाय.

मी आईला म्हणाले की असं का सांगितलंस, सिगारेट ओढते म्हणाली असतीस तरी चाललं असतं, मी काही कुणाला घाबरत नाही. ती म्हणाली, “तू न्हाई घाबरत. व्हय.” आणि मग शाळेच्या नव्या गॅसशेगडीबद्दल बोलत राहिली.

रविवारी सकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करते. तिकडे संध्याकाळ असते, ओसरीवर कुणी ना कुणी टेकलेलं असतंच. आई फोन लांब धरते, म्हणजे सगळ्यांना मी दिसते. आणि त्यांच्यासमोर न चुकता विचारते, “छाती कशी हाय आता?”

मी बरी आहे म्हणते. शेजारणी माना हलवतात, कुणीतरी जप गं बाई असं म्हणतं. आई माझ्याकडे बघत नसते, फोनच्या कडेकडे कुठेतरी बघत असते.

ती एकटी असते तेव्हा विचारत नाही.