पितळ समजलेला बुश

गेल्या भातकापणीनंतर आमच्या मेढ्यातल्या भाताच्या गिरणीचा बुश तडकला. बुश म्हणजे धातूची जाड बांगडी. गिरणीचा दांडा तिच्यातच फिरतो. गिरणी सासऱ्यांनी उभी केलेली, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. सासरे गेल्यापासून ती मी आणि सासूबाई, आमच्या आत्या, अशा दोघीच चालवतो. नवरा फौजेत.

साताऱ्यातल्या लेथवाल्यानं रंग बघून सांगितलं, "पितळ हाय." नवा बुश पितळेचाच करून दिला. बसवला त्याच दुपारी गिरणीतून धूर निघाला. आत्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दांड्यावर चरे उमटले होते. बुश पुन्हा करता येतो. तसला दांडा कुठून आणायचा?

"आता अंदाजानं काय करायचं न्हाई," आत्या म्हणाल्या.

जुना तडकलेला बुश फडक्यात गुंडाळून आम्ही एसटीनं सांगली गाठली, तिथून रिक्षानं कुपवाड. धातू तपासायच्या जागी मशीनवर एक तरुण बाई होती. तिनं आधी बुशाची सगळी मापं घेतली. मग म्हणाली, "ताई, एक बाजू सपाट घासावी लागेल, त्याशिवाय तपासता येणार नाही. पण ही चीर बघा. घासताना तुकडे होऊ शकतात."

आत्यांनी बुश उचलून परत फडक्यात घेतला. "मोडला तर हातात काय ऱ्हायलं? चिरेला डाग देऊन जोडू आन् हाच चालवू."

"आवं आत्या, चिरलेला बुश दांडाच खाईल."

"त्येंनी सोता बसवलेला हाय त्यो."

मी नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. मी नुसता हात पुढं केला.  शेवटी आत्यांनी बुश माझ्या हातात ठेवला, माझ्याकडे न बघता.

मी तो त्या बाईला दिला. घासायच्या फिरत्या चाकाला टेकला आणि बुश मोडला. दोन तुकडे. आत्या उठून बाहेर गेल्या.

त्या बाईनं मोठा तुकडा घासून मशीनवर ठेवला. ठिणगी पडली, पडद्यावर आकडे आले. 

"तांबं, कथील आणि बरंच शिसं. पितळेत असतं ते जस्त नावालाच. पितळ नाही हे ताई, शिसं घातलेलं कासं आहे. शिशामुळं दांडा सहज फिरतो. पितळ तापून दांड्याला धरून बसलं असणार."

बाहेर जाऊन आत्यांना सांगितलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग तसलाच वतून घे."

कुपवाडातच नवा बुश ओतून घेतला, गावी येऊन दांडा घासून गुळगुळीत केला आणि बुश बसवला. गिरणी चालू केली तेव्हा पोती घेऊन आलेली माणसं दारात उभी होती. मी बुशावरच्या लोखंडी कवचाला तळहात लावून बसले. ऊब आली. वाढेल म्हणून वाट बघत राहिले. तेवढीच राहिली.

"बंद करू का?" मी विचारलं.

आत्यांनी माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला. थोड्या वेळानं पहिल्या पोत्याची सुतळी सोडत म्हणाल्या, "वत भात."