सुदामा नगरातच गळणारी गाडी

चौथ्यांदा गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा दामले मॅडम खाली उतरल्याच नाहीत. काच खाली केली आणि म्हणाल्या, “शिरीष, आधी तू बाहेर ये. खाली वाक आणि मला सांग, हे काय आहे?”

मी वाकलो. गाडी थांबून दोन मिनिटं झाली नव्हती आणि फरशीवर लाल थेंब पडायला लागले होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लाल असतं, त्यामुळे खोटं बोलायला जागाच नव्हती.

“लीक आहे, मॅडम.”

“तीन वेळा तोच पेपर दिला तुला. तीन वेळा फेल.”

दामले मॅडम शाळेत माझ्या गणिताच्या मॅडम होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर मी उभाच राहतो. पोलोग्राउंडला माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली चार माणसं आहेत, पुण्याला मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ट्रेनिंग घेतलेलं आहे. हे ट्रेनिंग मी गिऱ्हाइकांना जरा जास्तच ऐकवतो असं बायको म्हणते. मॅडमना मात्र ते कधी ऐकवता आलं नाही.

हा सगळा घोळ ज्या पॅनवरून झाला, तो काय असतो ते आधी सांगतो. गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचा एक खोलगट ट्रे बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो, तो पॅन. त्यात ऑइल साठतं. पॅन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक पट्टी असते, गॅस्केट. गॅस्केट म्हातारं झालं की कडेने ऑइल झिरपतं. मॅडमची गाडी वीस वर्षांची. पहिल्यांदा आली तेव्हा मी गाडीखाली शिरलो, पॅनची कड ओली दिसली, गॅस्केट बदललं. सोपं काम. सहा दिवसांनी पुन्हा थेंब.

दुसऱ्यांदा पॅन काढून बघितला. कुणीतरी कधीकाळी बोल्ट फार आवळल्याने कड वाकली होती. ती ठोकून सरळ केली, पुन्हा नवं गॅस्केट टाकलं आणि सगळे बोल्ट मापाने आवळले. पुन्हा सहा दिवस. तिसऱ्यांदा आख्खा पॅनच नवा बसवला आणि मॅडमना सांगितलं, “आता गळली तर मी धंदा बंद करतो.” असली वाक्यं माणसाने तोंडातून काढू नयेत.

चमत्कारिक गोष्ट अशी, की माझ्याकडे गाडी गळायची नाही. दरवेळी मी ती दोन दिवस पुठ्ठ्यावर उभी करायचो, रोज फिरवून आणायचो. पुठ्ठा कोरडा. गाडी सुदामा नगरात मॅडमच्या घरी गेली, की आठवड्याच्या आत गळायला सुरुवात.

“इस गाड़ी को सुदामा नगर का पानी रास नहीं आता,” असं बाबूभाईंचं निदान होतं. बाबूभाई माझे सर्वांत जुने मेकॅनिक. साठी उलटली आहे, चष्मा कपाळावर असतो आणि तो डोळ्यांवर कधीच येत नाही.

माझं निदान जास्त शास्त्रीय होतं. मॅडमच्या फाटकासमोर उतार आहे. गाडी तिरकी उभी राहते, ऑइल एका कडेला जातं, तिथून गळतं. तिसऱ्या वेळी मी गाडी मुद्दाम दोन फळ्यांवर तिरकी चढवून दिवसभर ठेवली होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय चाललंय. मी ट्रेनिंगचं सांगायचो. गाडी थेंबभर गळली नाही.

आता चौथ्या खेपेला मॅडम शेवटी उतरून ऑफिसात खुर्चीवर बसल्या आणि डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. क्लच दाबणं त्यांना जमत नाही. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, म्हणून त्या अजून गाडी चालवतात. बँक, भाजी, सराफ्याजवळची मैत्रीण, सगळीकडे स्वतः जातात.

“परवा निखिल येणार आहे पुण्याहून,” त्या म्हणाल्या. निखिल त्यांचा मुलगा. “फोनवर साफ सांगितलं त्याने. गाडी गळत असली तर याच रविवारी विकून टाकायची आणि माझ्यासाठी ड्रायव्हरवाली गाडी लावायची.”

“ते पण बरंच आहे की, मॅडम. आराम.”

“आराम? अरे, मी म्हणेन राजवाड्याला चल. तो म्हणेल, उधर तो जाम है, आंटीजी, कल चलेंगे. मग मी घरातच बसणार ना? गाडी गेली की मी सामान झाले. कोणी उचललं तर जाणार, नाहीतर पडून राहणार.”

हे त्या रागाने बोलल्या, पण आवाज शेवटी जरा हलला. शाळेत मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि लाज वाटली की मी ओरडतो. बाहेर जाऊन बाबूभाईंवर ओरडलो, “पॅन उतरवा! आत्ता!”

पॅन उतरवायच्या आधी खालचा बोल्ट काढून ऑइल सोडतात. दरवेळी आम्ही ते मोठ्या ड्रमात सोडायचो. त्या दिवशी ड्रम एका टेम्पोखाली अडकला होता, म्हणून बाबूभाईंनी नेहमीच्या गाड्यांचा छोटा ट्रे लावला. या गाडीचं खाली निघणारं ऑइल त्यात आरामात मावायला हवं. मावलं नाही. ट्रे काठोकाठ भरला आणि लाल ऑइल माझ्या बुटांवरून वाहायला लागलं.

“ट्रे तिरका लावलात, बाबूभाई!”

“ट्रे सीधा है, साहब. तेल ज़्यादा है.”

मी वाकून बघितलं, ट्रे सरळच होता. मग मापाचा जग आणला. सांडलेलं सोडून सुद्धा ऑइल लिटरभर जास्त भरलं.

गिअरबॉक्समध्ये ऑइल जास्त झालं तर काय होतं? आतले फिरणारे भाग ते घुसळतात. फेस होतो. गिअरबॉक्सच्या अगदी वर एक बारीक भोक असतं, आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून. त्याला ब्रीदर म्हणतात. फेस त्यातून बाहेर येतो, मागच्या बाजूने ओघळतो आणि पॅनच्या कडेला येऊन थेंब थेंब पडतो. बघणाऱ्याला वाटतं, पॅन गळतोय. मी बॅटरी घेऊन वरून बघितलं. ब्रीदरपासून खालपर्यंत ओली रेघ स्पष्ट दिसत होती. तीन वेळा मी खालून बघितलं होतं. वरून एकदाही नाही. पॅन काढायचाच आहे तर लेव्हल कशाला बघा, म्हणून लेव्हलही बघितली नव्हती आणि निघालेलं ऑइल मोजलं नव्हतं. ट्रेनिंगच्या दुसऱ्याच दिवशी हे शिकवतात.

म्हणजे गाडी कुठून गळत नव्हतीच. कुणीतरी तिच्यात ओतत होतं.

“मॅडम,” मी ऑफिसात जाऊन विचारलं, “तुम्ही ऑइल घालता?”

“म्हणजे काय! तूच तर कॅन दिला होता, डिकीत ठेवा, लागलं तर घाला म्हणून. दर रविवारी सकाळी डिपस्टिक बघते, अर्धा कप घालते.”

डिपस्टिक म्हणजे लेव्हल बघायची लांब पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात, खाली कोल्ड, वर हॉट. “कोणत्या खुणेपर्यंत, मॅडम?”

“वरच्या. तू वरचीच दाखवली होतीस.”

दाखवली होती. इंजिन चालू ठेवून बघा, हेही सांगितलं होतं. पण आधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून गरम करा, हे सांगायचं राहून गेलं. गार ऑइल कमी जागा घेतं, त्यामुळे सकाळी ते हॉटच्या खाली दिसणारच. कमी दिसलं की घाला, घातलं की गळणार, गळलं की पुन्हा कमी वाटून घाला. हे चक्र मीच फिरवून दिलं होतं.

पण मॅडमनी हात वर केला. “थांब. मागच्या वेळेपासून दोनच रविवार झाले. अर्धा कप म्हणजे शंभर मिली, माझे झाले दोनशे. तू म्हणतोस लिटर जास्त. उरलेले आठशे कुणाचे? आणि जे गळून गेलं ते वेगळंच.” त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. “शिरीष, कोणीतरी अजून आहे.”

रागावलेल्या मॅडम एकदम खूश दिसायला लागल्या. आम्ही ऑइल मापात भरलं, गाडी घरी पाठवली आणि ठरवलं की कुणाला काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मॅडमच्या घरी जाळीच्या दारामागे बसलो होतो. हातात चहा होता, समोर पोहे. मॅडम शेजारी खुर्ची टाकून माझ्यापेक्षा जास्त दबून बसल्या होत्या.

पावणेसातला शेजारचे तिवारीजी आले. हे बिजली विभागातून निवृत्त झालेले. मॅडमची गाडी रोज पुसायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, म्हणून एक चावी त्यांच्याकडे असे. त्यांनी आधी बोनेट पुसलं. मग गाडी चालू केली, बोनेट उघडलं, डिपस्टिक काढून उन्हाकडे धरली. मान हलवली. खिशातून बाटली काढली, दुसऱ्या खिशातून नरसाळं.

“तिवारीजी!”

शाळेतला तोच आवाज. तिवारीजींच्या हातातून नरसाळं पडलं आणि मी विनाकारण उभा राहिलो.

“मैडम, वो मैं तो बस... थोड़ा कम दिख रहा था.”

“किती दिवसांपासून चाललंय हे?”

“जब से टपक रही है,” ते म्हणाले. मग मला बघून हुरूप आला. “शिरीष भिया ने जैसा आपको सिखाया था न, वैसे ही करता हूँ. मैं वहीं खड़ा था. ऊपर वाले निशान तक. फिर दो उँगल और, बरकत के लिए.”

“बरकत?” मी ओरडलो. “तिवारीजी, गिअरबॉक्स आहे, ताट नाहीये!”

“अरे भिया, कम पड़ने से तो अच्छा है न!”

मला पुढे बरंच बोलायचं होतं, पण मॅडमनी थांबवलं. “मला का नाही सांगितलं तुम्ही?”

तिवारीजी खाली बघत होते. “आप चिंता करतीं. और निखिल बाबू पिछली बार बोल के गए थे, टपकी तो बेच देंगे. मैंने सोचा, तेल पूरा रहेगा तो गाड़ी चलती रहेगी. फिर गुरुवार को मंडी आपके साथ ही तो जाते हैं हम मियाँ-बीवी. आपकी गाड़ी गई तो हमारी भी गई.”

मॅडम वळल्या. आत जाऊन तिवारीजींसाठी पोहे घेऊन आल्या. ताटली ठासून भरली होती, वर शेवेचा डोंगर. मला त्या क्षणी कळलं की या गल्लीत कुणालाच मापात घालता येत नाही, आणि त्यांना मी ऑइलचा कॅन दिला होता.

डिकीतला कॅन आणि तिवारीजींची बाटली, दोन्ही मी गॅरेजवर नेलं.

निखिल बुधवारी आला. हुशार मुलगा आहे, पण फोनवरून गाड्या विकणाऱ्यांपैकी. मला म्हणाला, “शिरीषदादा, तुमचा शब्द नको, प्रूफ द्या.” त्याने गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. गुरुवारी तिवारी नवरा-बायकोंसकट सगळे मंडईत जाऊन आले. शुक्रवारी बँक. शनिवारी मॅडमनी गाडी उगीचच सांवेर रोडपर्यंत नेऊन आणली, कारण काय तर तपासणी. रोज सकाळी निखिल वाकून कागद काढायचा, उलटसुलट बघायचा. तिवारीजी लांब उभे राहून बघायचे, हात पाठीमागे बांधून. मी सांगितलं होतं तसं.

कागद चारही दिवस कोरडा निघाला.

रविवारी दुपारी जो माणूस गाडी बघायला यायचा होता, त्याला निखिलने फोन करून नको म्हणून सांगितलं. मी हिशेबाला गेलो होतो, दारातच होतो. निखिल बॅग घेऊन बाहेर आला आणि फोनवर स्टेशनला जायला टॅक्सी शोधायला लागला.

“फोन ठेव,” मॅडम म्हणाल्या. त्या आधीच गाडीत बसल्या होत्या. “बस इकडे. आणि बेल्ट लाव.”

तो बसला. बेल्ट लावला. गाडी उतारावरून खाली गेली, आणि फाटकासमोर एक थेंब नव्हता. माझे डोळे जरा भरून आले हे मी बाबूभाईंना सांगितलेलं नाही.

गॅस्केट दोन, पॅन एक, माझे बूट एक जोड, एवढं वाया गेलं. हल्ली गळकी गाडी आली की मी लगेच खाली शिरत नाही. आधी विचारतो, घरात या गाडीची काळजी कोण कोण घेतं? मालक कौतुकाने नावं सांगतात. जितकी नावं जास्त, तितका मोठा ट्रे मी खाली लावतो.