अंग गार होतं तरी

हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारामागच्या गल्ल्यांत गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं पोर अंबूताईच्या हातून न्हालं नसेल, तर ते बिऱ्हाड नवं असणार, एवढं तिचं नाव. मालीश, न्हाणं, शेक, धुरी आणि वर फुकटचा सल्ला, ही तिची कामं. त्यातला सल्लाच जास्त खपायचा. पोराला दवाखान्यात न्यायचं की नाही हे आधी अंबूताई ठरवायची, डॉक्टरचा नंबर मागाहून. तिची कसोटी सोपी होती. कपाळाला पालथा हात लावायचा. गरम लागलं तर दवाखाना, नाही तर ओव्याची पुरचुंडी. तीस वर्षं ही कसोटी चालली, असं ती म्हणायची. जिथे चालली नसेल त्या घरांनी तिला पुन्हा बोलावलं नसणार, हे तिच्या कधी डोक्यात आलं नाही.

बाजारात कापडाचं दुकान असलेल्या लीलाबाईंचा नातू दोन महिन्यांचा होता. सून सावनी पहिलटकरीण, माहेराहून येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. मुलगा मुकुल धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सोमवारी बाळाचं नाक वाहू लागलं. अंबूताईने कपाळ चाचपलं.

"अंग गार हाय. सर्दी उतरंस्तोवर न्हाऊ घालू नका. उघडं तर अजिबात करू नका," तिने हुकूम सोडला.

झालं. स्वेटर, कुंची, वरून दोन दुपटी. बाळाचं फक्त नाक तेवढं बाहेर राहिलं. लंगोट बदलायचा तोही पांघरुणाखालून.

मंगळवारी अंबूताई डोकावली तेव्हा सावनी हळूच म्हणाली, "अंबूताई, दूध ओढता ओढता सोडतोय. दमल्यागत करतोय."

"नाक चोंदलं की पोरं असंच करत्यात. तू नवी आई, तुला सगळ्याचंच भ्या."

लीलाबाई हसल्या. रात्री मुकुलने दवाखान्याचं विचारलं तर आईचं उत्तर तयार होतं: अंबूताई नको म्हणाली. बुधवारी बाळाचं रडणंही कमी झालं आणि लीलाबाईंना वाटलं, आता उतार पडतोय.

गुरुवारी सकाळी छातीला कोमट तेल लावायला म्हणून अंबूताईने बाळ मांडीवर घेतलं. दुपटी काढली, कुंची काढली, स्वेटर वर केला आणि तिचा हात थांबला. दर श्वासाला फासळ्यांखालची जागा आत खचत होती. नाकपुड्या फुलत होत्या. श्वास सोडताना बारीक कण्हणं ऐकू येत होतं. तीन दिवसांत बाळाची छाती कोणी पाहिलीच नव्हती, आणि पाहू नका असं सांगणारी ती स्वतःच होती.

तिने कपाळाला हात लावला. गार. पुन्हा लावला. गारच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बाळाआधी स्वतःचं नाव आठवलं. आता दवाखाना म्हटलं तर सोमवारचं काय सांगायचं? एक शेक देऊन दुपारपर्यंत बघावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याची लाज तिला अजून वाटते. तेवढ्यात बाळाच्या ओठांवर निळसर छटा दिसली आणि ती उठली.

"रिक्षा बोलवा."

"ताप चढला का?" लीलाबाईंनी विचारलं.

"ताप न्हाई. तरी चला."

देशपांडे नगरच्या बालरोग दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाची छाती उघडी करून पाहिली आणि आधी ऑक्सिजन लावायला सांगितलं. मग त्यांनी कन्नडात विचारलं, "हे कधीपासून?"

"आज सकाळपासूनच," लीलाबाई घाईने म्हणाल्या. घराण्याच्या अब्रूची काळजी त्यांना दवाखान्यातही सुटली नव्हती.

अंबूताईला गप्प राहता आलं असतं. "न्हाई," ती म्हणाली. "सर्दी सोमवारपासनं. मंगळवारी हिनं मला सांगितलं, दूध ओढत न्हाई, दमतोय म्हणून. मीच म्हणाले, काही न्हाई. अंग गार होतं."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. "एवढ्या लहान बाळाला ताप नसतानाही न्यूमोनिया होतो. दूध सुटलं, छाती आत ओढली जायला लागली, की कपाळ बघत बसायचं नाही. निघायचं." त्या रागावल्या असत्या तर अंबूताईला सोपं गेलं असतं.

सावनी तिच्याकडे न बघता म्हणाली, "मला कळत होतं. पण घरात तुमचाच शब्द चालायचा."

बाळ नऊ दिवसांनी घरी आलं. पुढे न्हाण्याचा निरोप लीलाबाईंनी नेहमीसारखा पाठवला. अंबूताई गेली, पाट मांडला, लुगडं खोचून पाय लांब केले आणि हात पुढे केले. सावनी बाळ घेऊन समोर आली आणि तिच्या शेजारच्या पाटावर बसली. तिने स्वतःचे पाय लांब केले, बाळाला त्यांवर निजवलं आणि त्याची छाती वरखाली होताना नीट पाहिली.

"तुम्ही पाणी ओता," ती म्हणाली. "बाळ माझ्याकडे राहू दे."

अंबूताईने पाय आखडून घेतले आणि तांब्या उचलला.