गळ्याची गाडी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कर्जत स्टेशनबाहेरचा रिक्षास्टँड. एक पांढरी सात सीटर उभी, इंजिन चालू, मागच्या सीटवर दोन माणसं मफलर गुंडाळून गप्प बसलेली.

त्यातला एक मी. या गाडीतले किस्से मी तेव्हा लिहून ठेवले नाहीत. तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आजाराची बातमी करताना काही वाटत नाही, पण स्वतःच्या आजारात वही काढायची लाज वाटली. तरी ते साचत गेले, सीटखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं साचतात तसे. आता चार मित्र बसले की विचारतात, आज कुठला? म्हणून हे.

मला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला होता. शेजारी बसायचा नामदेव, नेरळचा. तो माथेरानला पर्यटकांना घोड्यावर बसवून फिरवतो, म्हणजे तेव्हा फिरवत नव्हता, कारण त्याच्याही घशात गाठ होती. चौक फाट्यावर चढायच्या सुमनताई गायकवाड, खालापूर तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडी सेविका. त्यांचं जिभेचं दुखणं. आणि चालवायचे अन्वरभाई. गाडीत गळा शाबूत असलेला माणूस तो एकच. पनवेलच्या पुढच्या हॉस्पिटलात सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. प्रत्येकी पस्तीस शेक.

नाव अन्वरभाईंनीच ठेवलं. कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला की सांगायचे, “आज नाय जमणार, गळ्याची गाडी घेऊन चाललोय.” समोरचा पुढे काही विचारायचा नाही.

* * *

पहिल्या भेटीत मी डॉक्टरांची उलटतपासणी घेतली. मशीन कधीचं, शेवटची तपासणी कधी झाली, डोस कोण ठरवतं, चुकला तर जबाबदार कोण. आवाज तेव्हाच निम्मा बसला होता, पण सवय बसत नाही. डॉक्टर चाळिशीच्या, शांत बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या गळ्याला आता विश्रांती हवी आहे, उद्यापासून प्रश्न लिहून आणा.

मी दुसऱ्या दिवशी सत्तावीस प्रश्न लिहून नेले. ही बाई आता वैतागेल, असा माझा हिशेब होता. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि संध्याकाळी परत दिला. प्रत्येक प्रश्नाखाली हिरव्या शाईत उत्तर. मंत्र्यांपासून ग्रामसेवकापर्यंत कुणी माझे सगळेच्या सगळे प्रश्न कधी सोडवले नव्हते.

सत्ताविसावा होता: “आवाज परत येईल का?”

खाली लिहिलं होतं: “प्रश्न योग्य आहे. उत्तर मला आज माहीत नाही. शेक संपल्यावर तीन महिन्यांनी दोघांनाही कळेल.”

माहीत नाही, असं लिहून देणारा जबाबदार माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कागद घरी कपाटात ठेवलाय. आवाजाशिवाय बातमीदार म्हणजे काय, हा अठ्ठाविसावा प्रश्न मी लिहिला नव्हता. तो रोज गाडीत माझ्या शेजारी बसून यायचा.

* * *

मानेच्या शेकासाठी प्रत्येकाचा एक मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबायची. ती घट्ट झाली की तोच साचा रोज तोंडावर चढवून टेबलाला खटके लावून अडकवायचा, म्हणजे डोकं हलत नाही. पहिल्या दिवशी आत जीव घाबरतो. मी तर हात वर करून मशीन थांबवायला लावलं होतं.

नामदेवची पाळी आली. त्याने मुखवटा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि टेक्निशियनला म्हणाला, “जल्मभर घोड्यांना लगाम घातला, आता माजी बारी आली व्हय?”

टेक्निशियन हसला. हा हसला नाही. त्याने सांगितलं, “पोरा, नवा घोडा असला का मी पयल्यांदा त्याच्या मानंवरून हात फिरवतो. मंग लगाम. तू बी तसंच कर.”

टेक्निशियनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चार-पाच श्वास होईपर्यंत तसाच धरला आणि मग खटके लावले. नामदेव हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत प्रत्येकाला हे मिळू लागलं. आधी खांद्यावर हात, मग मुखवटा. माझ्याही. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल. ही पद्धत माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरच्या घोडेवाल्याने सुरू केली, याची नोंद म्हणून इथे लिहितो.

* * *

चौथ्या आठवड्यात तिघांचेही आवाज गेले. घसा आतून भाजल्यासारखा, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी. अन्वरभाई मात्र कर्जतपासून पनवेलपर्यंत एकटेच बोलायचे. प्रश्न तेच विचारायचे, आमच्या वतीने उत्तरही तेच द्यायचे आणि कधीकधी आमच्याशी भांडायचेही.

सुमनताईंनी अंगणवाडीतल्या तीन पाट्या आणल्या. मला आनंद झाला. मी चौकपासून लिहायला सुरुवात केली. रस्त्यावरचे खड्डे, त्यांचे ठेकेदार, त्या ठेकेदारांचे मेहुणे. पाटी भरली, मी ती नामदेवपुढे धरली. तो वाचेपर्यंत पनवेल जवळ आलं. मी उलट बाजूला क्रमशः सुरू करणार, तेवढ्यात सुमनताईंनी पाटी काढून घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि कशीबशी जीभ हलवत म्हणाल्या, “सर, पाटी लहान हाय. तुमी पन लहान लिवा.”

माझी बातमी इतक्या झटपट कुठल्या संपादकाने कापली नव्हती. नामदेवने स्वतःच्या पाटीवर दोन शब्द लिहून दाखवले: “लय बरं.”

* * *

त्यातच रमजान, दुसऱ्या आठवड्यातच लागलेला. अन्वरभाईंचे रोजे. ते पाणीही घेत नव्हते आणि आम्हाला घेता येत नव्हतं. नामदेवच्या नाकातून नळी घातली होती, मी पेजेच्या चमच्यावर, सुमनताई ताकावर. नळीतून दूध जाताना अन्वरभाई धक्का बसू नये म्हणून गाडी बाजूला घेऊन थांबायचे आणि नामदेवला हसू येऊन ठसका लागू नये म्हणून तोंड मिटून बसायचे. त्यांच्यासाठी ही शिक्षाच.

एकदा नामदेवने पाटीवर विचारलं, तुमाला त्रास नाय होत? अन्वरभाई आरशात बघत म्हणाले, “अरे, गाडीत चार मानसं, चौघांचा रोजा. फरक एवढाच, माझा संध्याकाळी सुटतो. तुमचा कधी सुटतो ते त्या मॅडमना विचारा.”

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मास आणला. त्यांच्या बायकोने शिरखुर्म्यातला सुकामेवा, शेवया सगळं काढून, दूध दोनदा फडक्यातून गाळून दिलं होतं. ज्या पदार्थात काही उरलंच नव्हतं तो आम्ही हॉस्पिटलच्या आवारात बसून तास-सव्वा तास पीत होतो. चव कुणालाच कळली नाही, तोंडाला सगळंच पुठ्ठ्यासारखं लागायचं. पण न ठसकता खाली उतरला. सुमनताईंनी थर्मास घरी नेऊन विसळून, पुसून परत दिला आणि त्यात घरच्या चाफ्याची दोन फुलं टाकून ठेवली. अन्वरभाई दुसऱ्या दिवशी काही बोललेच नाहीत. पनवेलपर्यंत. आम्हाला काळजी वाटली.

* * *

पस्तिसावा शेक झाल्यावर नामदेवने आपला मुखवटा घरी मागून नेला. बायको म्हणाली, घरात नको. तर त्याने तो तबेल्यात खिळ्याला लावला. घोडा दोन दिवस तिकडे बघून फुरफुरायचा, मग सवय झाली. नामदेव आता परत पर्यटक फिरवतो. ओरडता येत नाही, म्हणून घोड्याला चुटक्या वाजवून शिकवलंय. तिघेही आहोत. हे एक वाक्य लिहिता यावं म्हणून त्या डॉक्टर, तो टेक्निशियन, अन्वरभाई आणि त्यांची बायको यांनी काय केलं ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी चुकलेल्यांची नावं छापली. या लोकांची एकदा तरी पेपरात छापायला हवी होती, पण त्यांना विचारलं तर चौघेही नको म्हणाले.

* * *

तीन महिन्यांनी माझा आवाज आला. पूर्वीचा नव्हे. पत्र्यावरून खडबडीत काहीतरी ओढत न्यावं तसा. डॉक्टर म्हणाल्या, वापरा, पण जपून, थोडा थोडा.

थोडा वापरायचा तर कशावर, याचा विचार करत होतो, तोच खालापूरला एका कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. गावोगाव फिरून तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणारी एक गाडी होती. तिचं कंत्राट घेतलेली संस्था काम पूर्ण झाल्याचा सोहळा करत होती. अंगणवाडी सेविकांना टाळ्या वाजवायला बोलावलं होतं, त्यामुळे सुमनताई माझ्या शेजारीच. संस्थेचा प्रतिनिधी म्हणाला, एकही गाव सुटलेलं नाही, पुरावा म्हणून नोंदवह्या समोर ठेवल्यात, कुणीही बघा.

सुमनताई उठल्या. त्यांच्या गावात गाडी आलेली त्यांना आठवत नव्हती. आली असती तर जिभेची गाठ शेंगदाण्याएवढी असतानाच सापडली असती, हे त्या आमच्या गळ्याच्या गाडीत एकदाच बोलल्या होत्या. त्यांनी आपल्या गावचं पान काढलं, वरून खाली बोट नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. मग वही तशीच उघडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. 

मी उभा राहिलो. प्रश्न विचारला. प्रतिनिधी म्हणाला, ऐकू आलं नाही. परत विचारला. तो म्हणाला, साहेब, तब्येत बरी नाही का, बसून घ्या. मागून कुणीतरी माईक पुढे केला.

“या गावात तुमची गाडी कोणत्या दिवशी आली,” मी विचारलं, “आणि या बाईंचं तोंड उघडून कुणी बघितलं?”

सभागृहातला शेवटचा माणूसही वळला. माझा आवाज तिथपर्यंत गेला होता. प्रतिनिधी म्हणाला, माहिती घेऊन कळवतो.

त्याला आता पाच महिने झाले. मी दोनदा लेखी विचारलं, एकदा जाऊन आलो.

वहीतली ओळ अशी आहे: सुमन गायकवाड, तोंडाची तपासणी केली, निरोगी. पुढे सही, वाचता न येणारी. तारीख स्पष्ट आहे. त्या तारखेला सकाळी साडेआठ वाजता सुमनताई पनवेलच्या पुढे टेबलावर मुखवट्याखाली झोपल्या होत्या. त्यांच्या कार्डावर अकराव्या शेकाचा शिक्का आहे.