ओठाने पारखणारा माणूस

वाघूळरावांची साठी शनिवारी दुपारी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत साजरी झाली. अडतीस वर्षे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात आणि फोटो छापण्यात घालवणाऱ्या माणसाला मित्रांनी वटवाघूळ म्हणावे यात नवल नव्हते. नवल हे, की तेही त्या हाकेला आनंदाने ओ देत. कापड बेतायच्या मेजावर केक मांडला होता. नर्सबाईंनी पत्त्यांत उघडउघड लबाडी केली आणि शिंप्याने तीन गाणी म्हटली, तिन्ही एकाच चालीत.

"उद्या तुझ्या प्रदर्शनाला मी शिवलेला शर्ट घाल," शिंपी म्हणाला.

"प्रदर्शन माझं नाही, फोटो काढणाऱ्या त्या मुलीचं आहे."

"फोटो छापले कुणी?"

"मी."

"मग अर्धं तुझं."

ही वाटणी जगात कोणी मानत नाही. रविवारी सकाळी दालनाच्या दारातच प्रशस्त आभारफलक उभा होता. त्यावर जागेचे मालक होते, भिंती रंगवणारे होते, चहा पुरवणारे होते; ज्यांनी उद्घाटनाला येण्याचे नुसते कबूल केले आणि जे आलेच नाहीत, तेही मान्यवर होते. ज्याच्या हातून चाळीसच्या चाळीस चित्रे कागदावर उतरली, त्याला मात्र तिथे एका ओळीचीही जागा नव्हती. शिंप्याने फलक दोनदा वाचला आणि नाक मुरडले. वाघूळराव तिथे थांबलेही नाहीत. ते थेट आत जाऊन काळ्या सावल्या तपासू लागले. काळोखातही वस्तू दिसली पाहिजे, नुसती शाई दिसता कामा नये, असा त्यांचा दंडक होता.

मधल्या भिंतीवर सर्वांत मोठे चित्र होते: पायरीवर बसून किल्लीवर कानस चालवणारा एक म्हातारा. त्याच्यासमोर गर्दी रेंगाळत होती. शिंप्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राला नाक लावले.

"वाघळ्या, हा बायकोचा शर्ट घालून बसलाय का रे?"

"काय बोलतोस?"

"पट्टी बघ. पुरुषाच्या शर्टाला डावी पट्टी वर येते. ह्याची उजवी वर आहे."

वाघूळरावांचा चेहरा उतरला. छापताना फिल्मची लेप असलेली बाजू खाली ठेवावी लागते. ती वर राहिली, की चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते. ही बाजू ते ओठाने पारखत. ओलसर ओठाला लेप किंचित चिकटतो, दुसरी बाजू चिकटत नाही. अडतीस वर्षांत त्यांच्या ओठाने दगा दिला नव्हता.

"हे छापलंत कधी?" नर्सबाईंनी विचारले.

"मंगळवारी."

"मंगळवारी सकाळी मीच तुम्हाला दाढ काढायला नेलं होतं. ओठ बधिर होता तुमचा. पाणी प्यालात ते निम्मं अंगावर सांडलंत. आणि दुपारी लगेच कामाला बसलात?"

सबब आयती होती आणि खरीही होती. हल्ली चुकीला धनी सापडत नाही. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत फिरत सन्मानाने निवृत्त होते. शिवाय गप्प राहण्यात वाघूळरावांचा लाभच होता. फिल्म घेऊन येणारी गिऱ्हाइके आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि या मुलीच्या फोटोंच्या पुस्तकाचे वर्षभराचे काम त्यांच्याकडे यायचे होते. ते चालत तिच्याकडे गेले.

"बाई, मधलं चित्र उलटं छापलंय. चूक माझी आहे."

तिने चित्राकडे पाहिले, मग गर्दीकडे. "काका, मलासुद्धा कळलं नाही. राहू दे ना. लोकांना आवडलंय."

"किल्लीवाले स्वतः येणार आहेत ना आज?"

"पाच वाजता, बायकोला घेऊन. पण ते स्वतःला रोज आरशात असंच बघतात. त्यांना काही वेगळं वाटायचं नाही."

"त्यांना नाही वाटणार. त्यांची बायको त्यांना आरशात बघत नाही."

ती चित्रापाशी जाऊन पुन्हा बघून आली. मग म्हणाली, "उतरवते."

तिघांनी त्या दुपारी ठरवलेला मेजवानीचा बेत अंधाऱ्या खोलीत हलवावा लागला. लाल दिव्याखाली शिंपी द्रावणाचा ट्रे हलवत होता आणि नर्सबाई सेकंद मोजत होत्या.

"हळू. शिवणयंत्र नाही ते," वाघूळराव म्हणाले.

"अंधारात माणसाचा अपमान करायला बरा जोर येतो तुला."

वाघूळरावांनी फिल्म ओठाला लावली, मग दिव्यासमोर धरून पुन्हा पाहिली.

"ओठावरचा विश्वास उडाला वाटतं," नर्सबाई म्हणाल्या.

"विश्वास आहे. पण यापुढे साक्षीदार ठेवीन."

दोन कागद त्यांनी फाडून टाकले. शिंप्याच्या मते दोन्ही उत्तम होते. वाघूळरावांच्या मते त्यांत म्हाताऱ्याच्या बोटांखालचा काळोख मेला होता. तिसरा त्यांनी पंख्याखाली वाळवला. तोवर तिघांनी दाराबाहेर उभ्याउभ्या पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली.

पाचच्या ठोक्याला किल्लीवाला चित्रासमोर उभा होता. त्याने मान आधी एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या.

"मी वाकडा आलोय. माझं नाक असं नाही."

बायको पुढे झाली. तिने चित्र पाहिले, नवऱ्याला पाहिले आणि पुन्हा चित्र पाहिले.

"असंच आहे. लग्नाच्या दिवशीही असंच होतं," ती म्हणाली. "मी तेव्हा काही बोलले नाही, एवढंच."

किल्लीवाला नाक चाचपू लागला. ती मात्र तिथून हलेना; हात लावू नये अशी पाटी असतानाही तिने चित्रातल्या खांद्यापाशी बोट नेले आणि काचेच्या अलीकडे थांबवले.

"कुणी केलं हे?"

"काढलं मी," मुलगी म्हणाली, "आणि छापलं या काकांनी." मग ती वाघूळरावांकडे वळली. "पुस्तकही तुम्हीच छापायचं. अट एकच. प्रत्येक चित्र आधी तुमच्या शिंपीमित्रांना दाखवायचं."

"दाखवा," शिंपी म्हणाला. "फक्त त्यात कुणी उघडाबंब नसावा. तिथे माझं ज्ञान संपतं."